सातव्या ओळीवरची खूण

ॲथलोन
शुक्रवार, २४ नोव्हेंबर १९९५

पॅडनबाई,

माझं सगळं बदललं तो क्षण मला घड्याळाच्या काट्यासकट ठाऊक आहे. शुक्रवार, तेरा ऑक्टोबर, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनात ओर्लानं माझा निळा स्वेटर कागदी पिशवीत घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू येतोस, रडतोस, परत जातोस. मला पूर्ण माणूस हवाय, फिन्टन. आठवड्याआडचा नको."

जिच्यासाठी मी गॉलवेचं कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं, जिच्या गावी जाता यावं म्हणून ही एक आठवडा काम, एक आठवडा सुट्टीची निम्मी नोकरी धरली, ती मला असं म्हणाली. त्या दिवसापासून मी जे जे केलं ते शुद्धीत केलं नाही, एवढं तुम्ही समजून घ्या.

परवा बुधवारी तुमचा शेवटचा दिवस होता आणि मी एक वाजता तुमच्याकडून काम घ्यायला पोचलो नाही. बस चुकली. पोचलो तेव्हा खुर्ची रिकामी, खण आवरलेला. तुम्ही आईकडे एरिसला गेलात, बिनपगारी लांब रजा घेऊन, हे डेव्हेनसाहेबांकडून कळलं. माझा निरोप तरी घ्यायचात.

मला राग येतोय, बाई. तुमच्यावर नाही, या नियमांवर! तीन वर्षं पूर्ण नोकरी, मग आई आजारी म्हणून दहा वर्षं निम्मी. त्या दहांची हे लोक पाच धरणार. बढतीच्या मुलाखतीला आठ वर्षं लागतात, ती तुमची बरोबर या शरदात भरली. त्यातही बढती मिळाली तर एकतर पूर्ण वेळ या, नाहीतर बढती मिळालेलाच दुसरा अर्धा शोधून आणा. तो तुम्ही शोधलासुद्धा होता, टलामोरच्या ऑफिसातल्या त्या डिम्फ्ना. इतकं सगळं जुळवायचं आणि एका कागदावरून राहून जायचं! तुमच्या जागी मी असतो तर डेव्हेनसाहेबांचं टेबल उलटं केलं असतं.

फॉर्मचं झालं ते झालं. खणात तो नव्हता, हे मी तुम्हाला सांगितलंच होतं. माणसाच्या हातून राहतं काहीतरी. मनाला लावून घेऊ नका.

आणखी एक. साहेबांनी मला विचारलंय, आपण वाटून घेतलेल्या जागेतला तुमचा अर्धाही घेतोस का म्हणून. म्हणजे पूर्ण नोकरी. तुमची हरकत नसेल तर मी हो म्हणावं म्हणतो. ओर्लालाही मग काही सांगता येईल.

तुमचा
फिन्टन टली


ॲथलोन
बुधवार, २९ नोव्हेंबर

पॅडनबाई,

आज एक वाजला. मी सवयीनं टेबल पुसलं, पेन्सिलींना टोकं काढली, तुमच्या पाठीची उशी खालच्या कप्प्यातून काढून खुर्चीवर ठेवली आणि उभा राहिलो. मग लक्षात आलं. मागच्या टेबलावरच्या पोरी हसायला लागल्या. डेव्हेनसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय रे, आज कुठला अर्धा? जाणारा की येणारा?"

तीन वर्षं हाच विनोद ऐकतोय. तुम्ही त्यावर काय म्हणायचात? "साहेब, आईसुद्धा आम्ही दोघी बहिणींनी आठवड्याआड वाटून घेतलीय. ती कधी विचारत नाही कुठली आली म्हणून." आणि मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "तिला ओळखू येत नाही, ही वेगळी गोष्ट."

मागच्या पत्रात मी बस चुकली असं लिहिलं. चुकली नव्हती. मी सव्वाबारालाच पोचलो होतो. सायकली लावतात त्या छपराखाली उभा राहून तुम्ही बाहेर पडायची वाट बघत होतो. तुम्ही दारात थांबलात. दोन्ही बाजूंना बघितलंत. हातात ती तपकिरी बॅग आणि कुंडीतलं जिरेनियम. मग दार तसंच उघडं सोडून निघालात. बुधवारी आपण दार लावत नाही ना, दुसरा येतच असतो म्हणून. मी पंधरा पावलांवर होतो. कुंडी हातातून घ्यायला तरी यायला हवं होतं.

का आलो नाही ते विचारू नका. लाज वाटली म्हणा.

पूर्ण नोकरीचे कागद मुख्य कचेरीतून येतील म्हणे. मी हो म्हटलंय, तोवर तुमचा आठवडाही मीच भरतोय.

फिन्टन


ॲथलोन
सोमवार, ४ डिसेंबर

पॅडनबाई,

तुमचं पाकीट आलं. खणाची दुसरी किल्ली, आणि तुमच्या नीटस अक्षरात दोन ओळी: "ही चुकून माझ्याकडेच राहिली. हल्ली माझं असंच होतं. सांभाळून काम कर, सूप पीत जा."

मी ती किल्ली मुठीत धरून संडासात जाऊन बसलो. सरकारी वेळेची वीस मिनिटं. पंच मशीनमध्ये त्याची नोंद होत नाही.

चुकून कुठे राहिली, बाई? किल्ल्या पहिल्यापासून दोनच होत्या. एक तुमची, एक माझी. जाताना परत करायची विसरलात, एवढंच. रजेवर निघालेलं कुणीही विसरेल. "हल्ली माझं असंच होतं" असं लिहू नका. कृपा करून लिहू नका.

आपल्या निरोपाच्या वहीबद्दल सांगायचं आहे. वही अजून खणातच आहे. तुम्ही बुधवारी तुमच्या आठवड्यातलं उरलेलं काम ओळीओळीनं लिहायचं, मी ते करून लाल पेन्सिलीनं खूण करायची, पुढच्या बुधवारी मी लिहायचं, तुम्ही खूण करायची. मी आलो तेव्हा तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतंत, "काम झाल्यावर खूण. आधी नाही. मी ही खूण बघून पुढचं पत्र पाठवणार असते. खोटी खूण असली तर मी माणसाच्या तोंडावर खोटी पडते."

तर, आठ नोव्हेंबरला मी वही उघडली आणि मार्चमधलं एक पान चिकटपट्टीनं जोडलेलं दिसलं. तुम्ही जोडलं होतंत. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतंत: "पानं आपोआप सुटायला लागली. वही म्हातारी झाली, माझ्यासारखी."

वही म्हातारी झालेली नाही. वर्षाचीसुद्धा नाही.

आज इतकंच लिहवतं. हे पत्र टपालात टाकीन की नाही, माहीत नाही.

फिन्टन


ॲथलोन
गुरुवार, ७ डिसेंबर

पॅडनबाई,

मागचं पत्र टाकलं नाही. हेही बहुतेक टाकणार नाही. पण लिहिल्याशिवाय बसवत नाही.

आज साडेदहाला फोन वाजला.

"कुठला अर्धा बोलतोय?" टलामोरच्या डिम्फ्नाबाई. त्यांचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, रिसीव्हर हातभर लांब धरला तरी ऐकू येतो.

"तरुण," मी म्हटलं. "दुसरा आता नाही."

"नाही कसा? अरे, पुढच्या गुरुवारपासून मुलाखतीचं बोर्ड बसतंय! माझी मुलाखत शुक्रवारी. पास झाले तर ती खुर्ची कुणाबरोबर वाटून घेऊ? पोरं तीन, पूर्ण वेळ मला झेपायची नाही. नोरीनच्या भरवशावर मी नाव दिलं. आणि ती आता फोनवर सांगते, डिम्फ्ना, माझ्यावर विसंबू नकोस."

"त्यांचा फॉर्म राहिला," मी म्हटलं.

"तेच तर! नोरीन पॅडन आणि फॉर्म विसरणार? अरे, ती मला माझ्या पोरांचे वाढदिवस सांगते! मी तेच म्हटलं तिला. तर म्हणाली, अगं, मी फॉर्म खणात ठेवला, वहीत निरोप लिहिला, असं मला अगदी डोळ्यांसमोर दिसतं. आणि वहीत तसं पानच नाही. जे झालंच नाही ते मला दिसायला लागलंय. आईचंही असंच सुरू झालं होतं." डिम्फ्नाबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "एकोणीस तारखेला कास्लबारला डॉक्टरकडे जातेय ती. डोकं तपासून घ्यायला. सत्तेचाळीस वर्षांची बाई रे! तू रोज बघत होतास, तुला कधी काही जाणवलं?"

मी म्हटलं, "बघून सांगतो."

बघून सांगतो! पॅडनबाई, हे माझं उत्तर होतं.

आता लिहितो. ऐका.

तुम्ही निरोप लिहिला होतात. अकरा ऑक्टोबर, बुधवार. आठ ओळी होत्या. सातवी ओळ: "खणात निळ्या फोल्डरमध्ये माझा बढतीचा फॉर्म आहे. डेव्हेनसाहेब शुक्रवारी सकाळी रजेवरून येतील, त्यांची सही घेऊन चारच्या आत वरच्या मजल्यावर दे. शेवटची तारीख आहे. तुझ्यावर सोडतेय." 'तुझ्यावर'च्या खाली रेघ.

शुक्रवारी सकाळी साहेब आले. त्यांचा ओव्हरकोट खुंटीवर दिसत होता. पण आदल्या दिवशी ओर्लाचा निरोप आला होता, की ती मला भेटणार ते शेवटचंच. मी साडेदहाला दातदुखीचं खोटं कारण सांगितलं आणि अकराच्या गाडीनं डब्लिनला गेलो. फॉर्मची आठवण कुठे झाली माहीत आहे? परतीच्या गाडीत, टलामोर स्टेशनवर. चार वाजून गेले होते.

सोमवारी सकाळी सांगायचं होतं. तेव्हा दोनच दिवस उलटले होते, साहेबांनी वर शब्द टाकला असता. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. पण दातदुखीचं खोटं उघडं पडलं असतं, आणि मी अजून कच्चा, नोकरीत कायम न झालेला, वर्षभर वाढवून दिलेल्या मुदतीवर. फॉर्म कोटाच्या अस्तरात घालून घरी नेला. बुधवारी एक वाजायला दहा मिनिटं असताना वही पुढे ओढली आणि आठही ओळींवर खुणा केल्या. तुम्ही आलात, वही बघितलीत आणि मला म्हणालात, "शाब्बास."

सत्तावीस तारखेला मुलाखतीला बोलावलेल्यांची यादी लागली. तुमचं नाव नव्हतं. तुम्ही माझी खूण दाखवणार, हे उघड होतं. मी ते पान फाडलं. पट्टी लावून, अगदी सरळ, मुळापासून, की पत्ता लागू नये.

मग एक नोव्हेंबर. तुम्ही कोटाची बटणंही न काढता वही चाळत होतात. "फिन्टन, मी लिहिलं होतं ना रे?" मी म्हटलं, "नाही, पॅडनबाई." तुम्ही म्हणालात, "आणि फॉर्म?" मी म्हटलं, "खणात काही नव्हतं." तुम्ही माझ्याकडे संशयानं बघितलं असतंत तर मी तिथेच भांडून मोकळा झालो असतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत. तुम्ही स्वतःच्या हातांकडे बघितलंत.

शिवलेल्या वहीत कागद दुहेरी असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. एक पान फाडलं की दोऱ्याच्या पलीकडचं त्याचं जोडपान आज ना उद्या सुटतं. तुम्ही ते चिकटपट्टीनं जोडलंत आणि दोष स्वतःच्या वयावर घेतलात.

आता लिहून झालं. वाचून बघितलं. यातही ओर्लाचं नाव आलंय. त्या बिचारीचा काय संबंध?

फिन्टन


ॲथलोन
बुधवार, १३ डिसेंबर

पॅडनबाई,

वरची दोन पत्रं आणि हे तिसरं एकदमच मिळतील. वही साहेबांच्या टपालातून वेगळी येईल.

पहिल्या पत्राची सुरुवात खोटी होती. माझं सगळं बदललं तो क्षण स्टेशनातला नव्हता. स्वेटर परत मिळाल्यानं कुणी पानं फाडत नाही. तो क्षण बुधवार, अठरा ऑक्टोबर, एक वाजायला दहा मिनिटं. सातव्या ओळीपाशी पेन्सिल थांबली होती. थांबली होती, बाई. मग मी ती पुढे ढकलली.

डिम्फ्नाबाईंच्या फोननंतर मी शूरासारखा उठून साहेबांकडे गेलो असेन असं वाटत असेल तर तसं नाही. शुक्रवार गेला. शनिवार-रविवार खोलीत तुमचा फॉर्म उघडून वाचत बसलो. त्याआधी वाचायची हिंमत झाली नव्हती. "वाटून घेतलेल्या कामातून आपण काय शिकलात?" या चौकटीत तुम्ही लिहिलंय: "निम्मं काम असं काही नसतं. दुसऱ्याला परत विचारावं लागणार नाही इतकं पुरं करून ठेवायचं. माझा सध्याचा जोडीदार वयानं लहान आणि डोक्यानं गरम आहे, पण त्याच्या खुणेवर मी डोळे मिटून पुढचं काम करते."

सोमवार गेला. मंगळवार गेला.

आज सकाळी अकराला साहेब आले. एका हातात पूर्ण नोकरीचा कागद, दुसऱ्या हातात टेबलावरची नवी पितळी पाटी. जुनीवर "पॅडन / टली" होतं. नवीवर नुसतं "टली".

"घे," ते म्हणाले. "पूर्ण झालास एकदाचा. इथे सही कर."

मी पेन उघडलं. त्या पाटीतली माझ्या आडनावाआधीची तिरकी रेघ गेली होती, आणि मला ती सारखी दिसत होती.

"साहेब, दार लावता का?" मी म्हटलं.

ते हसले. "का रे, लग्न ठरलं?"

मी बोलायला लागलो तेव्हा ते उभेच होते. मध्येच बसले, तुमच्या उशीवर. मी फॉर्म ठेवला. फाडलेलं पान ठेवलं. ते मी जाळलं नव्हतं. का, ते मला सांगता येत नाही. साहेबांनी वही घेतली, तुमची चिकटपट्टी अलगद सोडवली, दोन्ही पानं दोऱ्यापाशी एकमेकांना लावून बघितली. तंतोतंत बसली.

"ती माझ्यासमोर रडली," ते म्हणाले. "या खोलीत. मी तिला म्हटलं, नोरीन, घरी जा, विश्रांती घे. मी म्हटलं तिला हे. तू तेव्हा कुठे होतास?"

"सायकलींच्या छपराखाली."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "एका पोरीपायी?"

"नाही," मी म्हटलं. "ती गाडी पकडण्यापुरती. पुढचं सगळं माझ्यापायी."

साहेबांनी दोन्ही पानं वहीत परत ठेवली. मग म्हणाले, "बोर्ड उद्यापासून बसतंय. चूक ऑफिसच्या माणसाची होती, असं त्या माणसाच्या सहीनं मिळालं तर अजून नाव घालता येतं. लिही. सुशोभित करू नकोस." मी लिहिलं. ओर्लाचं नाव घातलं नाही. त्यांनी वाचलं, खाली आपली सही केली, वरच्या मजल्यावर फोन लावला आणि पंधरा मिनिटं अशा आवाजात बोलले की मागच्या पोरी टंकायच्या थांबल्या. मग तुम्हाला फोन लावला. मला जायला सांगितलं नाही. उलट म्हणाले, "उभा राहा. ऐक."

म्हणून तुमचा आवाज मी ऐकला. रिसीव्हरमधून, बारीक. मागे तुमची आई काहीतरी गुणगुणत होती. साहेबांनी सगळं सांगितलं. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. बढतीचंही काही बोलला नाहीत. तुम्ही एवढंच विचारलंत:

"म्हणजे, मी लिहिलं होतं?"

"लिहिलं होतंस, नोरीन."

"कितव्या ओळीत?"

साहेबांनी पानावर बोट ठेवलं. "सातव्या."

"सातव्या," तुम्ही म्हणालात. "बरोबर. सहावी शाईच्या बाटल्यांची होती." आणि मग तुम्ही हसायला लागलात, आणि ते हसणं मध्येच कुठेतरी दुसरंच काही झालं, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. नंतर नाक ओढून तुम्ही म्हणालात, "मग एकोणीसला मला कास्लबारला जायला नको."

साहेब म्हणाले, "शुक्रवारी डब्लिनला यायला हवं. अडीच वाजता. डिम्फ्नानंतर लगेच."

"आईकडे बहिणीला बोलावते," तुम्ही म्हणालात.

फोन ठेवल्यावर साहेबांनी पूर्ण नोकरीचा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. पितळी पाटी खिशात घातली. "काढून टाकलं लिहू की राजीनामा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते. ते म्हणाले, "नेहमी दुसऱ्यावर ढकलायचं." मग मी स्वतः राजीनामा लिहिला. दोन ओळींचा.

तुम्ही क्षमा कराल म्हणून हे लिहीत नाही. ती मागायला तोंड हवं. पण मी तुमच्याकडून एक आठवडा, एक फॉर्म किंवा एक खुर्ची घेतली असती तर त्याचं काहीतरी करता आलं असतं. मी तुमच्या डोक्यावरचा तुमचा स्वतःचा विश्वास घेतला. सहा आठवडे. आईला भरवताना, औषधाच्या गोळ्या मोजताना, स्वयंपाकघरात काय घ्यायला आलो ते क्षणभर आठवलं नाही की तुम्ही घाबरला असाल, आणि ते माझ्यामुळे. त्याचा निरोप कुठल्या वहीत लिहितात?

बाकी निरोप असे:

शाईच्या बाटल्या आल्या, कप्प्यात आहेत.
रॉसकॉमनच्या शाळेचं पत्र अर्धं टंकलंय, पुढचं करायचं आहे.
तुमची उशी खुर्चीवर आहे.
दोन्ही किल्ल्या साहेबांकडे दिल्या.
सातव्या ओळीवरची खूण मी खोडलेली नाही. तिच्याशेजारी आजची तारीख घालून सही केली आहे.

शेवटच्या ओळी स्टेशनवरच्या बाकावर बसून लिहितोय. गाडी गॉलवेची आहे, डब्लिनची नाही. कॉलेजात परत घेतील की नाही ते तिथे गेल्यावर विचारीन.

निघताना कुणाशी बोललो नाही. मागच्या पोरी यंत्रांवर वाकल्या होत्या. बरोबर एक वाजला होता. कोट घातला, वही पाकिटात घालून साहेबांच्या टपालाच्या पेटीत ठेवली, बाहेर आलो आणि सवयीनं दार उघडंच सोडून चार पावलं गेलो. बुधवार ना.

मग परत फिरलो. आज माझ्यामागून कुणी यायचं नव्हतं. तुम्ही याल तेव्हा वरच्या मजल्यावर याल, दुसऱ्या दारानं, दुसऱ्या अर्ध्याबरोबर. मी दाराची मूठ धरली आणि ते लावून घेतलं.